दुधनीच्या मुलाने डोंगर का काढावा?

प्राथमिक शाळेतील तिसरी-चौथीच्या कोणत्याही वर्गात जावे, मुलांपुढे कोरे कागद ठेवावेत आणि ‘निसर्गचित्र काढा’ एवढेच सांगावे. अर्ध्या तासाने जे कागद हाती येतात ते पाहण्यापूर्वीच त्यांवर काय असेल हे सांगता येते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खोबणीतून वर येणारा किरणांचा सूर्य, डोंगरातून निघून नागमोडी वळणे घेत खाली येणारी निळी नदी, काठावर एक कौलारू घर, घराशेजारी वाकलेले नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. कोकणातील मूल हेच काढते, विदर्भातील मूल हेच काढते आणि सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या दुधनीचे मूलही हेच काढते.

दुधनीत डोंगर नाही. डोंगर म्हणावा असा उंचवटाही नाही. नारळाच्या झाडांशी या मातीचे सख्य नाही. अक्कलकोट तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव सोलापूर-वाडी लोहमार्गावर वसलेले आहे. १८७१ साली रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळालेली ही जुनी रेल्वे. गावाच्या पुढे काही मैलांवर कर्नाटक सुरू होतो. भोवती दृष्टी पोहोचेल तिथवर काळी जमीन. तिच्यावर ऋतूप्रमाणे तूर, ज्वारी, हरभरा. बांधावर बाभूळ, बोर, कडुलिंब. आणि या सर्वांवर आकाश, असे मोठे आकाश की पुण्या-मुंबईच्या माणसाला त्याची क्षणभर भीती वाटावी. पावसाळ्याच्या आरंभी दूरच्या शिवारात पडणारा पाऊस आपल्या गावात कोरड्या जागी उभे राहून पाहता येतो, असा हा मुलूख. हे सारे मूल रोज पाहते. शाळेत येताना पाहते, शाळेच्या खिडकीतून पाहते. आणि ‘निसर्ग काढ’ म्हटले की ते खाली मान घालून, न पाहिलेला डोंगर काढू लागते.

याला आपण बालसुलभ अनुकरण म्हणून सोडून देतो. मला ते तितके निरुपद्रवी वाटत नाही. त्या मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की झालेली असते: ‘निसर्ग’ म्हणजे आपल्या गावात नसलेले काहीतरी. चित्रात काढण्याजोगे, सुंदर म्हणण्याजोगे जे काही असेल ते दुसरीकडे असते. आपल्या शिवारात काढण्याजोगे काही नाही. आठ वर्षांच्या वयात आपल्या भूमीविषयी एवढा एक निष्कर्ष मनात रुजला की पुढे इतिहासाच्या आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकांनी देशप्रेम कितीही शिकवावे, ते वरवरचेच राहते. ज्या भूमीला आपण माता म्हणतो तिचा चेहरा मुलाने एकदाही निरखून पाहिलेला नसतो.

हा ठरीव देखावा आला कोठून? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी येथे चित्रकलेचे जे शिक्षण आणले त्याचा साचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता. छापील नमुना समोर ठेवायचा आणि त्याची रेघ न् रेघ उतरवायची, ही त्याची रीत. कारागिराचा हात पक्का करण्यासाठी ती कदाचित उपयोगी असेल. त्या काळातील काही इंग्रज कलाशिक्षकांनीही पुढे तिच्यावर कठोर टीका केली. ती पद्धत कलाशाळांतून केव्हाच हद्दपार झाली, पण प्राथमिक शाळेच्या फळ्यावर ती वेष पालटून टिकून राहिली. गुरुजींनी फळ्यावर डोंगर काढला, मुलांनी वहीत उतरवला, गुरुजींच्या मुलानेही तोच उतरवला. साहेब गेला, पण त्याने दिलेली नक्कल करण्याची खोड आपण मोठ्या निष्ठेने जपली.

अलीकडे या खोडीला बाजाराची जोड मिळाली आहे. आमच्याच घरातील दुसरीत शिकणाऱ्या मुलीला शाळेतून सूचना आली की, सोमवारी ‘निसर्ग’ या विषयावर प्रकल्प आणावा. रविवारी रात्री तिचे वडील स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचा ठोकळा, हिरवा स्पंज, प्लॅस्टिकचे गवत, चमकीची डबी आणि तयार चिकटचित्रांचे पाकीट घेऊन आले. आईने कापाकापी केली, वडिलांनी चिकटवले. मुलगी साडेनऊलाच झोपली होती. दुसऱ्या दिवशी त्या ठोकळ्यावर ‘उत्कृष्ट’ असा शेरा पडला आणि तो आठवडाभर वर्गात मांडून ठेवण्यात आला. दारात कडुलिंबाचे झाड होते. त्याचे एक पानही त्या निसर्गात नव्हते. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीच्या वस्तूंवर बंदी घातली. तरीही ‘पर्यावरण वाचवा’ हे शब्द थर्माकोलवर कोरून शाळेत नेणारी मुले आपण त्यानंतरही पाहिली आहेत. विनोद म्हणून हे ठीक आहे. पण ज्या मुलीच्या नावावर ते ‘उत्कृष्ट’ लिहिले गेले, ती त्यातून काय शिकली? काम दुसऱ्याने करायचे आणि नाव आपले लावायचे, हे ती दुसरीत शिकली.

आता याच दुधनीच्या परिसरात, शाळेच्या भिंतीबाहेर, कोणत्याही शासकीय परिपत्रकाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या काय चालत आले आहे ते पाहू.

हा पट्टा मराठी आणि कानडी अशा दोन भाषांत एकाच वेळी जगतो. घरी कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, असे येथील असंख्य मुलांचे आयुष्य असते. पोळ्याला उर्वरित महाराष्ट्र बैल सजवतो, पण या भागातील शेतकरी ज्येष्ठ पौर्णिमेला, कारहुणवीला, बैलांची शिंगे रंगवतो. त्यानंतर पंधरा दिवसांनी ज्येष्ठ अमावास्या येते. तिचे कानडी नाव मण्णेत्तिन अमावास्या. मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल. या दिवशी घरोघर मातीची बैलजोडी करतात, तिच्यासमोर मातीचीच गव्हाण मांडतात, पूजा करतात, नैवेद्य दाखवतात. पुढे आषाढातील मंगळवारी मुली मातीची गुळ्ळव्वा करतात आणि तिला रानातल्या फुलापानांनी, दाण्यांनी सजवतात. श्रावणात नागपंचमीला मातीचा नाग. भाद्रपदात गणपती आणि त्याच्या पाठोपाठ जोकुमार. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत, म्हणजे पेरणीपासून पिके उभी राहीपर्यंत, या भागातील माणूस पुन्हा पुन्हा मातीला हात लावून तिला आकार देतो आणि तिच्यापुढे हात जोडतो. नांगरलेल्या मातीतून अन्न येणार आहे, तिला आधी आकार देऊन वंदन करावयाचे, यामागची भावना उलगडून सांगायला पंडित लागत नाही.

आणि हे करणारे हात बहुतांशी मुलांचे असतात, हे महत्त्वाचे. सीमेपलीकडच्या काही गावांत तर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मुले मातीचा एक लंगडा बैल घेऊन घरोघर हिंडतात, जोंधळे मागतात आणि त्याची न्याहारी करतात. लंगडा बैल! सर्वांगसुंदर बैल घडवणाऱ्या मुलांना लंगड्या बैलाचीही आठवण राहते, कारण त्यांनी गोठ्यात तो पाहिलेला असतो. तयार चिकटचित्रांच्या पाकिटात लंगडा बैल मिळत नाही.

या मातीच्या बैलाकडे थोडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहू. कागदावरचा बैल एका बाजूने दिसतो. मातीचा बैल चोहोबाजूंनी जमावा लागतो. वशिंड मानेच्या किती मागे, गळ्याची पोळी कोठपर्यंत लोंबते, शिंगे कोठून फुटतात आणि कोणत्या बाजूला वळतात, हे सारे आठवावे लागते. आठवत नसेल तर गोठ्यात जाऊन पाहावे लागते. सोलापूरच्या मुलुखात खिल्लार जनावर. त्याची लांब, मागे झुकून वर वळलेली शिंगे एकदा मातीत करून पाहिलेले मूल लातूर-बिदरकडची देवणी जोडी दिसली तर न सांगता म्हणेल, ‘ही आपली नव्हे.’ निरीक्षणाचा पाठ आणखी कोणता असतो?

माती तर याहून मोठी गुरू आहे. दुधनीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगांत माणसाचा हात जातो, तो याच गुणामुळे. म्हणून शेतातली माती जशीच्या तशी घेऊन केलेला बैल दुसऱ्या दिवशी तडकतो. बहुधा पायाशीच तडकतो, कारण बारीक पाय आधी वाळतात आणि जाड पोट मागून वाळते. दोघांचे आक्रसणे सारखे होत नाही. जाणती आजी मातीत चाळलेली राख घालते, थोडे शेण किंवा बारीक भुसा मिसळते, कापसाचे तंतू कालवते. बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळवते. पाय आखूड आणि जाड ठेवते. या प्रत्येक कृतीमागे कारण आहे. ज्या मुलाचा बैल तडकला आहे आणि ज्याला पुढच्या वर्षी तो तडकू द्यायचा नाही, त्याला मृदाशास्त्राचा पहिला धडा कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. हेच मूल मोठे होऊन जेव्हा काळ्या रानात घर बांधेल तेव्हा पाया का खचतो हे त्याला पटकन उमगेल.

याच कारणाने मला शाडूच्या कार्यशाळांविषयी थोडे बोलावयाचे आहे, आणि येथे बोलणे आपल्याच मंडळींशी आहे. ‘पर्यावरणपूरक गणपती’ करण्याचे उपक्रम आपल्या संस्था, आपल्या शाळा, आपले संस्कारवर्ग मोठ्या उत्साहाने करतात. ते चांगलेच आहे. प्लॅस्टरपेक्षा शाडू शतपटीने बरा. पण दूरवरून पोत्यांत भरून आलेली शाडू, तिच्यासोबत रबराचा साचा, साच्यातून एकसारखे निघालेले चाळीस गणपती आणि शेवटी सर्वांचे मिळून एक छायाचित्र, एवढ्यावर कार्यशाळा संपत असेल तर तिच्यात आणि थर्माकोलच्या ठोकळ्यात अंतर फारसे उरत नाही. पायाखालची माती चाळून, भिजवून, मळून, दोनदा फसून केलेला ओबडधोबड गणपती ज्या वर्गातून घरी जाईल त्या वर्गाचे काम मला अधिक मोलाचे वाटते. मूर्ती सुबक नसेल तर नसो. पूजेची मूर्ती हवी तर कुंभाराकडून घ्यावी, त्याचाही संसार त्यावर आहे. पण मुलाच्या हातून झालेली मूर्ती ही मुलाच्याच हातची असावी.

असे काही नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. महाराष्ट्रात हे काम होऊन गेले आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी येऊन राहिल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी परदेशी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती, तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या यांतून साधने उभी केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली; गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्दच किती बोलका आहे! मराठी बालशिक्षणाला ही देन आहे आणि आज आपण त्याच महाराष्ट्रात दीडशे रुपयांची ‘निसर्ग-कला पेटी’ मुलाच्या हाती देऊन कृतकृत्य होतो. ताराबाईंचे वा वर्ध्याच्या नयी तालीमचे वैचारिक कुळ वेगळे होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या कामाकडे पाठ फिरवावी, असे मात्र कोणत्याही जाणत्या कार्यकर्त्याला वाटणार नाही.

आपल्या कुळातील उदाहरण हवे असेल तर हरिभाऊ वाकणकरांचे आहे. निमचला १९१९ साली जन्मलेला हा मराठी माणूस, निष्ठावान स्वयंसेवक, चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ. १९५७ मध्ये भोपाळजवळून जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना काही खडक दिसले. त्या डब्यात बसून तेच खडक त्याआधी हजारोंनी पाहिले असतील. हरिभाऊ उतरले, पायी गेले आणि भीमबेटका जगापुढे आली. २००३ साली तिची जागतिक वारशात नोंद झाली. त्या गुहांतील चित्रे गेरूने, चुन्याने, खडकातून मिळणाऱ्या रंगांनी काढलेली आहेत. विषय म्हणजे चित्रकाराने प्रत्यक्ष पाहिलेली हरणे, गवे, हत्ती, माणसे. ज्याने ती काढली त्याने नसलेला डोंगर काढला नाही. हजारो वर्षांनी ती ओळखणारा माणूसही पाहण्याची सवय असलेला चित्रकारच निघाला, हा योगायोग नव्हे. १९८१ मध्ये संस्कार भारतीची स्थापना झाली तेव्हा तिच्या धुरीणांत हरिभाऊ होते. त्या संस्थेच्या रांगोळ्या आज महाराष्ट्रातील प्रत्येक मंगल कार्यात दिसतात. दुधनीचे पोरही आगगाडीच्या खिडकीतून पाहत असते. त्याने काय पाहिले, हे त्याला कोणी विचारतो का?

शिक्षकांवर सारा दोष टाकून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारा शिक्षक माहिती भरता भरता थकलेला असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक सांगितला आहे. पहिली ते पाचवीसाठी तेवढीही तरतूद नाही. म्हणजे ज्या वयात हात आणि डोळा घडतो त्या वयात कला शिकवणारे कोणी नाही, आणि घडून झाल्यावर, तेही संख्या भरली तर, अर्ध्या वेळचा कोणीतरी. दुसरीकडे कागदावर सारे उत्तम आहे. बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला ही इतर विषयांत मिसळून शिकवावी असे म्हटले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात पंचकोशांचा उल्लेख आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना धन्यता वाटली. २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘आनंददायी शनिवार’ आणला. शब्द आपले आले, याचा आनंद जरूर असावा. परंतु अन्नमय कोशापासून आनंदमय कोशापर्यंतचा प्रवास शनिवारी साडेदहाला सुरू होऊन, अकराला छायाचित्र वरच्या कार्यालयाच्या गटावर टाकून संपत असेल, तर धोरण आपले असून उपयोग काय?

एक आक्षेप येईल, तो आधीच घेतलेला बरा. शाळेत मातीचे बैल करायचे म्हणजे सण शाळेत आणणे झाले, आणि वर्गात सर्व घरांची मुले असतात. उत्तर सोपे आहे. पूजा घरी होते, घरीच व्हावी. शाळेत माती मळावी. दुधनीच्या बाजारात तूर घेऊन येणारा शेतकरी कोणत्याही घरचा असो, त्याच्या रानाची माती काळीच असते आणि बैलाच्या वशिंडाला जात-पंथ नसतो. ज्यांना या भूमीत वाढलेल्या सणाचे नाव घेताच संकोच होतो आणि त्याच शाळेत डिसेंबरात कापसाची दाढी लावलेला म्हातारा नाचवताना होत नाही, त्यांनी आपला संकोच स्वतःच तपासावा. याहून अधिक त्यावर लिहिण्याची गरज वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बैल राहिले कोठे? शिवारात ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले. दुसरीतल्या मुलाच्या घरी बैल नसेल तर त्याने तो का करावा? हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझे म्हणणे असे की, त्याने आधी ट्रॅक्टर करावा. घरी ट्रॅक्टर असेल तर मातीचा ट्रॅक्टर करू द्या, त्याच्या मागच्या चाकाची नक्षी त्याला नीट काढू द्या. मूळ मुद्दा जे पाहिले ते करण्याचा आहे. आणि मग एक दिवस ज्याच्या घरी अजून बैलजोडी आहे त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात वर्ग न्यावा. न पाहिलेला डोंगर नकलून काढणे आणि नाहीशी होत चाललेली गोष्ट ती आहे तोवर जाऊन पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्षभर काय करता येईल? फार काही नाही, आणि खर्च तर जवळपास शून्य. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि मण्णेत्तिन अमावास्या साधारण जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या पूर्वार्धात येते; म्हणजे नव्या वर्षाचा आरंभच मातीने होऊ शकतो. ज्या मुलाचे मराठी अजून अडखळते त्याच्यासाठी याहून चांगला आरंभ नाही, कारण मातीला माध्यम नसते. तो ‘एत्तु’ म्हणेल, शेजारचा ‘बैल’ म्हणेल, आणि दोघांना एकेक शब्द फुकट मिळेल. १९६७ च्या महाजन आयोगापासून या तालुक्यावर दोन राज्ये बोलत आली. येथील पोरे मात्र दोन्ही भाषांत एकाच बैलाला हाका मारतात.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, येळवशीला, कुटुंबेच्या कुटुंबे रानात जाऊन जेवतात. ज्वारीच्या कडब्याची खोप, चुन्याने रंगवलेले पांडव, अंबिलाचे मडके, उभ्या पिकात फिरणारी माणसे. दुसऱ्या दिवशी वर्गात कागद दिला तर त्यावर डोंगर येण्याचे कारण नाही. ज्वारी निघाली की धाटांचा ढीग पडतो. धाटाची साल सोलून आतला हलका गाभा काढायचा, सालीच्या काड्या त्यात टोचून गाडी करायची, चष्मा करायचा, तराजू करायचा, हे खेळ आपल्या आजोबांना येत होते. तुरीच्या काड्यांची चौकट होते. गेरू, चुना, राख, कोळसा आणि हळद यांतून पाच रंग होतात; पाण्यात डिंक घातला की ते कागदाला धरतात.

आणि एक झाड. शाळेच्या आवारात बहुधा कडुलिंब असतोच. दर महिन्याला तोच काढावा, वर्षभर, एकाच वहीत. माघ-फाल्गुनात तो पाने गाळतो, चैत्रात कोवळी तांबूस पालवी आणि पांढरा मोहर येतो, शाळा उघडते तेव्हा खाली लिंबोळ्यांचा सडा असतो. बारा चित्रे झाली की मुलाला कळते, झाड हे एक चित्र नव्हे. या वहीला गुण देऊ नयेत. तिचे प्रदर्शन भरवायचे असेल तर ते पालकांसाठी भरवावे, आणि अट एकच घालावी की मुलाच्या कागदाला मोठ्यांचा हात लागलेला नसावा.

ज्या गावांत आपले संस्कारवर्ग चालतात तेथील कार्यकर्त्यांना यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या ज्येष्ठात चार घमेली माती, एक चाळणी आणि थोडी राख एवढे साहित्य पुरे. गावातील एखाद्या कुंभाराला किंवा सत्तरीच्या आजीला सन्मानाने बोलवावे आणि मुख्य पाहुण्याच्या खुर्चीवर न बसवता मुलांमध्ये पाटावर बसवावे. भाषण ठेवू नये.

पहिल्या वर्षी बरेच बैल तडकतील. आणि जेव्हा कधी दुधनीचे मूल खरेच आपले गाव काढील तेव्हा त्या कागदावर बहुधा एक आडवी रेघ असेल. खाली सगळे काळे, वर सगळे रिकामे, मध्ये कोठेतरी एक बाभूळ आणि रुळांच्या दोन बारीक रेषा. पालकांना ते चित्र अर्धवट वाटेल. ‘डोंगर कुठे आहे?’ असे कोणी त्याला विचारू नये.